घरातलं आजारपण संपलं, हातात वेळ आहे. सुरुवात कुठून करू? (सातारा)

निवांत_दुपार:
वय ४९, राहायला शाहूपुरी. सासूबाई दोनेक वर्षं अंथरुणाला होत्या, उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी मी दोन दुकानांचे हिशेब लिहायचे, ते काम तेव्हाच सोडलं. मुलगा पुण्याला, मिस्टरांची नोकरी चालू.

आत्ताची अवस्था: रात्री अडीचला जाग येते (त्यांच्या औषधाची वेळ तीच होती), मग पाचपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दुपारी दीड-दोन तास झोप होते. जिना चढला की दम लागतो, उतरताना गुडघे कुरकुरतात. पुस्तक घेतलं की दोन पानांत मन उडतं. रडू येत नाही, फार वाईटही वाटत नाही, सगळं नुसतं सपाट. कुणी भेटलं की "आता काय करणार?" म्हणून विचारतं, म्हणून मंडईतसुद्धा गर्दी ओसरल्यावर जाते.

चालणं, झोप, माणसांत जाणं, काम यांतलं आधी काय आणि नंतर काय? आणि हे डॉक्टरांकडे न्यायचं दुखणं आहे का, ते कसं ओळखायचं? "पॉझिटिव्ह राहा" सोडून काहीही सांगा.

पहाटेचा_भोंगा:
ताई, सोपं आहे. पहाटे ५ ला उठा, गार पाण्यानं अंघोळ, थेट अजिंक्यतारा. २१ दिवस नेटानं करा, आपोआप सवय लागते. मन लागण्याची वाट बघत बसू नका.

दमादमानं:
भोंगासाहेब, शेवटचं वाक्य बरोबर, बाकीचं नको. अडीच ते पाच जाग असणाऱ्या माणसाला पाचला उठवून गडावर पाठवलं तर चौथ्या दिवशी गुडघा धरून घरी बसेल. २१ दिवसांच्या आकड्यालाही फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातलीच आणखी एक कामाची गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. बाविसाव्या दिवशी "मला जमतच नाही" म्हणून सोडणारे बहुतेक जण त्या २१ च्या आकड्यामुळंच सोडतात.

आता शरीराचं. आजारी माणसाला उचलून, कूस बदलून पाठ-कंबर वापरली गेली असते, पण सलग चालणं झालेलं नसतं. आधी ताकद किती उरलीय ते बघा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हाताची घडी छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बायकांसाठी १२ पेक्षा कमी आकडा कमकुवत धरतात. पन्नाशीच्या आत १२ होत नसतील तर दम लागण्याच्या आधी मांड्या थकताहेत असं समजा. गुडघ्याची बरीच कुरकुर तिथूनच येते.

चालणं सपाटीवर सुरू करा. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो, म्हणून शाहू स्टेडियम बरं. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ १०-१० मिनिटं, बस. पुढं दर आठवड्याला प्रत्येक फेरीत ५ मिनिटं वाढवायची. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे. या हिशेबानं तुम्ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ते ओलांडाल, त्यामुळं एखाददुसरी फेरी चुकली तरी बिघडत नाही.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचं: खुर्चीवरून उठणं-बसणं ८ वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, भिंतीवर हात टेकून जोर ८ वेळा. असे दोन फेरे. सोपं वाटायला लागलं की तीन. पंधरा मिनिटांच्या वर काम नाही.

गडाचा चढ सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर. शहरापासून अजिंक्यतारा साधारण ३०० मीटर उंच आहे, तो एकदम घ्यायचा नाही. डांबरी रस्त्यानं १५ मिनिटं वर, मग परत. घोटाळा उतारावर होतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणत ताणत भार झेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय आखडतात. छाती-फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, गुडघ्याभोवतालच्या स्नायुबंधांना महिने लागतात, आणि नेमकं त्याच काळात माणसाला वाटतं की आता मला काहीही जमतंय. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर चालेल. एकाच गुडघ्यात कळ, सूज किंवा दुसऱ्या सकाळी जास्त लंगडणं असेल तर एक आठवडा मागच्या पायरीवर या. चालताना छातीवर दाब, डोळ्यांपुढं अंधारी किंवा गार घाम फुटला तर तिथंच थांबायचं आणि लगेच डॉक्टर. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांच्या नादी लागू नका, घरचा जिना पुरतो.

खाण्याचं एकच सांगतो. सकाळचं चहा-खारी बंद नका करू, पण त्याच्यासोबत प्रोटीन पाहिजे. दिवसाला वजनाच्या किलोमागं १ ग्रॅमच्या आसपास धरा. अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीत ७-८, ग्लासभर दुधात ६-७. आजारपणाच्या घरात करणारी बाई उभ्या उभ्या उरलंसुरलं खाते, ती सवय मागं राहते.

केसपेपर:
चालायला लागायच्या आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२ आणि डी ही जीवनसत्त्वं, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर). "सपाट वाटणं, दम, विसरभोळेपणा" हे अॅनिमियातही होतं, थायरॉईड मंदावल्यावरही आणि बी-१२ उतरल्यावरही. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अॅनिमिया. शुद्ध शाकाहारी असाल किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ कडे जास्त लक्ष द्या. हातापायांना मुंग्या येतात का तेही डॉक्टरांना सांगा.

गोळ्या घेताना होणारे घोळ दोन. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की ती नीट शोषली जात नाही, मध्ये दीड-दोन तास ठेवा. आणि डी ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, लिहून दिलेत तेवढेच आठवडे. चांगलं वाटतंय म्हणून वर्षभर चालू ठेवणारे लोक आहेत. ते अंगात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

आणखी एक, ४९ वय आहे. पाळी अनियमित झाली असेल, रात्री अंग तापून घाम येऊन जाग येत असेल तर ते अडीचच्या औषधाच्या सवयीचं नसून पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं. त्यावर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. जोरात घोरणं असेल तर तेही.

निजानीज:
फक्त झोपेवर लिहिते, कारण बाकी सगळ्याची गाडी इथं अडकलीय.

आजाऱ्याच्या उशाशी झोपणाऱ्या माणसाचा एक कान जागा राहतो. माणूस गेल्यावर कान लगेच झोपत नाही, त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी उठायची वेळ पक्की करायची, झोपायची नाही. समजा सकाळी ६. रात्र कशीही गेली, रविवार असो, पाहुणे असोत, ६ ला उठायचं आणि अर्ध्या तासात गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात २०-३० मिनिटं जायचं. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

मग अंथरुणातला वेळ कमी करायचा. रात्री १० ते ६ म्हणजे ८ तास पडून राहता आणि झोप होते ५ तास. मग अंथरुण ६ तासांचंच ठेवा: १२ ला पाठ टेकायची, ६ ला उठायचं. १० ते १२ बैठकीच्या खोलीत, पडायचं नाही. आठवडाभर रोज अंदाजे लिहा. ६ तासांतले ५ तास ६ मिनिटं झोप व्हायला लागली, म्हणजे ८५ टक्के, की १५ मिनिटं आधी झोपायचं. पुढच्या आठवड्यात आणखी १५. साडेपाच तासांच्या खाली अंथरुण कधीच न्यायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येते आणि बहुतेक जण तिथंच सोडतात. त्या दिवसांत दुचाकी घेऊन यवतेश्वरचा घाट चढू नका. फेफरं असेल किंवा मूड एकदम खूप चढणं-उतरणं असा पूर्वीचा आजार असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही.

अडीचला जाग आली तर: घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीकडं फिरवून ठेवा. साधारण २० मिनिटं झाली असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी, तांदूळ निवडा किंवा कपड्यांच्या घड्या घाला. डोळे जडावले की परत. मोबाईल नाही. आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा तर नाहीच. चहा-कॉफीचा असर अर्धा व्हायलाच पाचेक तास लागतात, म्हणून दुपारी ३ नंतरचा चहासुद्धा बंद. दुपारची झोप २० मिनिटं, गजर लावून, ३ च्या आत. दीड-दोन तासांची दुपार म्हणजे रात्रीच्या झोपेतून काढलेली उचल.

वहीपेन:
निजानीज यांच्याशी सहमत. मनाचा भाग मी घेतो.

दोन वर्षं दिवसाचे काटे दुसऱ्याच्या हातात होते: सहाला तोंड धुवायला लावणं, आठला पेज, अडीचला गोळी. ते काटे गेले. मोकळा वेळ मिळाला म्हणजे आनंद व्हावा असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात आखणीच गेल्यामुळं दिवस पातळ होतो. "मन लागलं की करीन" हा क्रम इथं चालत नाही. आधी कृती, मन मागाहून येतं. नैराश्यावरच्या उपचारातही ही पद्धत वापरतात आणि ती घरी वहीत करता येते.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. तासातासानं काय केलं, आणि समोर ० ते १० मध्ये दोन आकडे: एक, केल्याचं समाधान, दोन, मजा. पान साधारण असं दिसतं:

१० ते ११, भांडी, ओटा: समाधान ४, मजा १
११ ते १२, मोबाईल: ०, २
१२ ते १, जेवण, टीव्ही: १, ३
५ ते ५.३०, गॅलरीतल्या कुंड्या: ६, ७

सात दिवसांनी पानं समोर ठेवली की दोन गोष्टी सहसा दिसतात. मोबाईलचे आकडे आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली असतात. आणि कुठलीतरी क्षुल्लक वाटणारी अर्धा तासाची गोष्ट, वरच्या पानात कुंड्या, सगळ्यात वर असते. दुसऱ्या आठवड्यात तीच गोष्ट उचलायची, तिला वार आणि वेळ द्यायची, आणि एक पाऊल घराबाहेर न्यायची. म्हणजे मंगळवारी ५ वाजता जास्वंदीच्या फांद्या काढून शेजारणीला नेऊन द्यायच्या. एवढंच. नर्सरी काढायचे बेत आता नकोत.

चुका ठरलेल्या असतात. एक, वहीत नुसती कामं भरतात: गहू, माळा, कपाट. समाधान ५, मजा ०, आणि आठवड्यात माणूस पुन्हा थकतो. म्हणून आठवड्यात किमान तीन गोष्टी अशा हव्यात ज्यांचा घराला काडीचा उपयोग नाही. दोन, पायरी मोठी घेतात. दोन पानांत मन उडतं ना? मग दोनच पानं वाचा आणि खूण घालून ठेवून द्या, तिसरं पान वाचावंसं वाटत असतानाच. आठवड्यानं चार. कादंबरीपेक्षा आधी दिवाळी अंकातले लेख बरे, तुकड्यात संपतात. तीन, आकडे चांगले यायला हवेत म्हणून खोटे लिहितात. वही कुणाला दाखवायची नाही.

"आता काय करणार?" याला एक ठरलेलं उत्तर पाठ करा: "सध्या तब्येत बघतेय, दिवाळीनंतर ठरवीन." आणि लगेच त्यांना उलट विचारा, मुलीचं कसं चाललंय. लोक उत्तरासाठी विचारतच नाहीत निम्म्या वेळा, बोलायला काही नसतं म्हणून विचारतात. मंडईत गर्दीच्या वेळी जायचं, पण यादी तीन जिनसांची, पंधरा मिनिटांत परत. भिशी किंवा भजनी मंडळ लग्नकार्यापेक्षा सोपं पडतं, कारण तिथं वेळ ठरलेली असते आणि हाताला किंवा तोंडाला काम असतं.

डॉक्टरांकडे कधी? मागच्या दोन आठवड्यांतले बहुतेक दिवस कशातच गोडी नाही, किंवा उदास, आणि सोबत भूक, झोप, एकाग्रता बिघडलेली, आपण नालायक आहोत असं वाटणं, असं असेल तर तपासणी हवीच. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते २७, १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बाकीचे गुण मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. टेली-मानस १४४१६, केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ताई, तुम्ही लिहिलेलं "सपाट" मला सोडून देण्यासारखं वाटत नाही. दोन आठवडे झोपेचं सांभाळूनही तसंच राहिलं तर जाऊन या. दुःख आणि नैराश्य एकाच घरात राहू शकतात, एक आहे म्हणून दुसरं नाही असं होत नाही.

निवांत_दुपार:
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय. रक्ततपासणी आधी, मग झोप, मग स्टेडियम, असं धरते. पण कामाचं कुणीच बोललं नाही. हिशेबाचं पुन्हा सुरू करायचं तर सगळं बदललं असेल ना? की काहीतरी नवंच शिकू?

११_आणि_२०:
जुनंच धरा. नव्या गोष्टीत पहिले काही महिने आपण कच्चे असतो, आणि आत्ता तुम्हाला कच्चं वाटण्याची आणखी भर नको.

बदललंय, पण पार उलटंपालटं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे गेले, मुख्यतः ५ आणि १८ उरले, काही मोजक्या मालाला ४०. म्हणजे दुकानाच्या आयटम मास्टरमधले (संगणकातल्या मालाच्या यादीतले) जुने दर तसेच राहिले असतील तर बिलं चुकणार. पहिलं काम तेच तपासण्याचं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, ते हाताशी यादी ठेवून सवयीनं बसतील. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींची पद्धत तीच: खरेदी, विक्री, पावती, पेमेंट, जर्नल, काँट्रा.

सरावासाठी ओळखीच्या एका लहान दुकानाची एका महिन्याची बिलं मागा, शंभर-सव्वाशे पुरेत. खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी शी (जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारा खरेदीवरच्या कराचा तक्ता) ताडून बघा. क्रेडिटचा (खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीचा) घोळ निघतो तो बहुतेक इथंच: पुरवठादारानं आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलेलं नसतं किंवा जीएसटी नंबरातलं एक अक्षर चुकलेलं असतं. रोज सकाळी ११ ते १ एवढंच बसायचं. दोन तासांच्या पुढं चुका वाढतात, आणि हिशेबातली चूक शोधायला मूळ कामाच्या तिप्पट वेळ जातो.

मला या कामाचं तुमच्यासाठी महत्त्व वाटतं ते वेगळ्याच कारणानं. दर महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारीख ३बी ची (कर भरण्याचं विवरणपत्र) (तिमाही भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी). वहीपेन म्हणाले तसे काटे गेलेत, तर हे बाहेरून आलेले काटे आहेत, आणि चुकले तरी कुणाचा जीव जात नाही. सुरुवात एकाच दुकानापासून. दुसरं दुकान तीन महिने तारखा पाळल्यावर. मार्चमध्ये मुळीच सुरू करू नका, तेव्हा अनुभवी लोकसुद्धा जेवायचं विसरतात. पैसे पहिल्या महिन्यापासून घ्या, थोडे का असेनात. फुकट केलेल्या कामाची तारीख कुणी पाळत नाही, आपणसुद्धा नाही.

शिकायचंच असेल तर पुढच्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघा, घरून होतात. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर लेखाशास्त्राचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा दिली तरच फी.

पहाटेचा_भोंगा:
बरं, गार पाणी मागे घेतो. पण ताई, स्टेडियमला सकाळी येणार असाल तर चपलेवर येऊ नका. आणि बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा. दमादमानं, उतारासाठी काठी घ्यावी का?

दमादमानं:
घ्यावी. हातात धरून उभं राहिल्यावर कोपर काटकोनात यायला हवं, उतारावर त्याहून थोडी लांब. गुडघा दुखत असेल त्याच्या उलट्या हातात धरायची. गुडघ्याचे पट्टे मात्र आत्ताच घेऊ नका, आधी खुर्चीचा आकडा सांगा.